नसलेल्या ठिपक्यांची साडी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीत घरीच वेबसाइट बनवायचे. चित्रांच्या फाइलचे तेव्हा दोन प्रकार चालायचे आणि माझा नियम पक्का होता: फोटो जेपीजीत, अक्षरं आणि चिन्हं जिफमध्ये. कल्याणच्या एका साडीवाल्या शेठना तो पटेना. दुकानाचं नाव जिफमध्ये अगदी रेखीव दिसलं, तेव्हा म्हणाले, "ताई, साड्यापण यातच टाका." मी दोनदा समजावलं, की जिफमध्ये जेमतेम अडीचशे रंग मावतात, धूपछाव साडीच्या एकात एक मिसळणाऱ्या दुरंगी छटांची पार वाट लागेल. ऐकतील तर शपथ! म्हटलं, घ्या, टाकते.

आठवड्याभरात शेठचा फोन आला, "ताबडतोब या." दुकानात गादीवर साड्यांचा ढीग पडलेला आणि समोर ठाण्याहून आलेल्या एक बाई अडून बसलेल्या. मुलाच्या ऑफिसातल्या कम्प्युटरवर त्यांनी आमची जांभळी धूपछाव पाहिलेली आणि त्यांना तीच हवी होती, बारीक ठिपक्यांची. शेठनी खरी साडी उलगडून दाखवली, तर म्हणाल्या, "ही नाही हो, ही प्लेन आहे."

मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं, की जे रंग मावले नाहीत त्यांच्या जागी जिफनेच ते ठिपके भरलेत. "आजच जेपीजी करते."

"थांबा," शेठ म्हणाले. "ठिपक्यांचा माल सुरतेहून मागवतो. तो येईपर्यंत फोटोला हात लावू नका."

माल आला आणि खपलासुद्धा. त्याचा फोटो मात्र मी जेपीजीतच टाकला, कोणालाही न विचारता.