ग्रीसगन नंतर, आधी जीपखाली बघ

अगं मृण्मयी, ये इकडं, अशी जवळ बैस. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहून काढते आहे. काल तू मला पाच ग्रीसगनचे फोटो पाठवलेस. "काकू, यातली कुठली घेऊ?" पाचही चकचकीत, एक तर बॅटरीवरची. पण जिला ग्रीस करायचं त्या जीपचा एक तरी फोटो? नाही! पायाचं माप न देता कुणी चपलेचे फोटो पाठवतं का?

कोळवणात घर घेतलंत, जुनी जीप घेतलीत, तिची निगा घरच्या घरी राखायची म्हणताय. कौतुक आहे. पण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. तीही पौडला स्पेअर पार्टच्या दुकानात तीस वर्षं उभी राहून. म्हणून रागावते.

माझं शिक्षण सातवी. पार्टची नावं खोक्यांवर वाचून शिकले. कुठला पार्ट कुठं बसतो, ते गिऱ्हाइकांना विचारून विचारून. विचारायची मला लाज नाही. तरी या वेळी जे विचारायचं, तेच राहिलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाली, भातं कापून होत आली होती. सोमवारी कोळवणचे किसनआप्पा दुकानात आले. वय बहात्तर, जुनं गिऱ्हाईक.

"वैनी, एक ग्रीसगन द्या. चांगली जोराची. जीपचं स्टेरिंग लई जड झालंया."

"गॅरेजला न्या की आप्पा."

"न्यायची तर वळली पायजे न्हवं!"

हसून म्हणाले, पण मामला हसण्याचा नव्हता. आदल्या आठवड्यात ओढ्याच्या वळणावर जीप पुरती वळलीच नाही, सरळ भाताच्या खाचरात उतरली. आप्पांना खरचटलंही नाही. पण त्यांचा मुलगा संतोष, हिंजवडीला कंपनीत आहे, तो हबकला. त्यानं जीपला गिऱ्हाईक बघितलं. रविवारी येणार होतं. आप्पांनी गयावया करून तेवढी मुदत मागून घेतली होती. रविवारपर्यंत स्टेअरिंग हलकं झालं तर जीप राहील, नाहीतर गेली.

"एसटीचं टाइम बघून जगायचं म्हंजी..." एवढंच बोलले आणि काउंटरवरचा एक नट उगीच फिरवत राहिले. शेतावर, बाजाराला, बहिणीच्या गावाला मनात येईल तेव्हा निघणारा माणूस गं तो.

आता तुला थोडं समजावते. जुन्या जीपचं पुढचं चाक एका उभ्या खिळीवर वळतं. तिला किंगपिन म्हणतात. दाराची बिजागरी समज. बिजागरी कोरडी पडली की दार कुरकुरतं, किंगपिन कोरडी पडली की स्टेअरिंग जड होतं. तिथं ग्रीस पोचवायला बाहेर एक छोटं तोंड असतं, तुरीच्या दाण्याएवढं. ते निप्पल. त्याच्या टोकाला एक बारीक गोळी, मागं स्प्रिंग. गननं जोर लावला की गोळी आत सरकते, ग्रीस जातं, जोर सुटला की गोळी परत तोंड बंद करते. माती आत जात नाही. कुणी शोधलं असेल, मला अजून नवल वाटतं.

घरच्यासाठी गन मुख्यतः दोन तऱ्हेच्या. पिस्तुलासारखी मूठ असलेली एका हातानं चालते. लांब दांड्याच्या गनला दोन हात लागतात, पण एका दाबात ग्रीस जास्त सोडते. तिसरी बादलीची, सर्व्हिस स्टेशनला असते ती. आप्पांचा उजवा खांदा दुखतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पिस्तुलाची दिली. खांद्याची चौकशी केली. गाडीची केली नाही.

बुधवारी आप्पा परत हजर. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली.

"वैनी, हिच्यात जोरच न्हाई. समदं ग्रीस भाईरच येतंया."

मला वाटलं, हवा अडकली असेल. ग्रीस भरताना नळीत हवा राहिली की गन नुसतीच फुसफुसते. पण हवा असती तर ग्रीस बाहेर तरी कसं आलं असतं? एवढा विचार मी केला नाही. दांड्याची गन हातात दिली आणि मोकळी झाले.

शुक्रवारी दुपारी पिशवीत दोन्ही गन घालून आप्पा एसटीनं आले.

"ही बी तसलीच. आता ती बादलीची काढा. परवा रविवार हाय."

बादलीची वरच्या फळीवर होती. मी स्टुलावर चढले, तिला हातही लावला, आणि थांबले. एकच तक्रार घेऊन दोन वेगळ्या गन परत येतात म्हणजे काय?

"थांबा आप्पा, जरा बघू."

"बगायला काय ऱ्हायलंय आता?"

मी नवं निप्पल काढलं, टेबलाच्या शिकंज्यात धरलं आणि पिस्तुलाची गन लावली. दोन दाब दिले. पलीकडून शेवयीसारखी ग्रीसची तार आली. दांड्याच्या गननंही तसंच. एक थेंब बाहेर नाही.

आप्पा शेवयीकडं बघत म्हणाले, "आयला, दुकानात बरी चालतीया! मला बघून लाजती का काय?"

मी गनचं तोंड पुसायला चिंधी घेतली, तर त्यात चमचम. ग्रीसमध्ये चंदेरी कण. धातू झिजून आला असेल तर किंगपिन संपली, मग कसलं ग्रीस नि कसलं काय. आप्पांना कसं सांगायचं? एक कण बोटावर घेतला, चोळला. धातू टोचायला हवा होता. हा टोचला नाही. दुमडला. दुधावरच्या सायीसारखा.

"आप्पा, गाडीला रंग कधी दिला?"

"दर दसऱ्याला देतुया. वरनं हिरवा, खालनं चंदेरी. पाच-सा वर्सं झाली. गावात इचारा, अशी जीप दुसऱ्या कुणाची न्हाई."

मी कपाळावर हात मारला. आप्पांच्या नव्हे, माझ्याच.

शनिवारी सकाळच्या एसटीनं कोळवणला गेले. पिशवीत पिस्तुलाची गन, चार नवी निप्पलं, पाना, चिंध्या. आप्पांनी मागच्या चाकांना दगड लावले, मी जीपखाली पोतं अंथरलं आणि आत सरकले.

"वैनी, तुमी कशाला? लोकं काय म्हंतील?"

"म्हणू द्या. टॉर्च धरा."

काय सांगू तुला! खालचा भाग ताटासारखा लखलखत होता. निप्पलं दिसेनात. बोटानं चाचपली तेव्हा सापडली, प्रत्येकावर रंगाचे थरावर थर. गोळ्या चिकटून बसलेल्या, गन वरवर लागायची, धरायची नाही, आणि सगळं ग्रीस बाहेर. बादलीची गन नेली असती तर अंगणभर ग्रीस झालं असतं.

चाकूनं रंग खरवडला. बांगडीतली सेफ्टी पिन काढून एकेका गोळीवर दाबली. दोन गोळ्या हलल्या. बाकी दोन हटल्या नाहीत, ती निप्पलं बदलली. मग जॅक लावून पुढचं चाक उचललं, अॅक्सलखाली लाकडी ओंडका दिला. जॅकच्या भरवशावर कधी राहू नकोस. आणि चाक का उचलायचं? गाडीचा भार किंगपिनवर असला की एका बाजूला फटच राहत नाही, ग्रीस शिरणार कुठून?

"आप्पा, स्टेअरिंग डावीकडं. आता उजवीकडं. हळू!"

मी एका हातानं गनचं तोंड निप्पलवर दाबून धरलं, दुसऱ्या हातानं मूठ दाबली. पिस्तुलाच्या गनचा हाच फायदा, एक हात मोकळा राहतो. दहा दाब झाले, काही नाही. मग कुठंतरी बारीक कुरकुर झाली. खिळीच्या कडेनं आधी गंजाचा विटकरी भुगा आला, मग काळा चिखल आणि शेवटी स्वच्छ नवं ग्रीस.

वरून आप्पा ओरडले, "वैनी! फिरतंया! एका हातानं फिरतंया!"

मग दुसरं चाक. माझा गुडघा दोन दिवस बोलत होता, ते सोड.

रविवारी मी दुकानात. जीव कोळवणला. अकराच्या सुमाराला हिरवी जीप समोर आली आणि रस्त्यात एका झोकात वळून दुकानासमोर लागली. स्टेअरिंगवर आप्पा, शेजारी संतोष. गिऱ्हाइकाला अंगणात बसवून संतोषनं आधी स्वतः ओढ्याच्या वळणावर तीन फेऱ्या मारल्या होत्या. उतरल्यावर त्याला जीप विकायची नाही म्हणून सांगितलं.

"काकू, माझी अट आहे," संतोष म्हणाला. "महिन्याला ग्रीस. किंगपिन ज्यात फिरते ती बुशं थोडी झिजलीत, ती मेकॅनिककडून बदलून घ्यायची. आणि खालून रंग बंद."

"मंग दसऱ्याला तिला खालनं नागडी ठिवू व्हय रं?"

मी मधला मार्ग काढला. सायकलच्या व्हॉल्ववर चढवतात त्या बारीक रबरी नळीचे चार तुकडे कापून दिले. रंग द्यायच्या आधी निप्पलांवर चढवायचे, वाळल्यावर काढायचे. या दसऱ्याला आप्पांनी तसंच केलं. वर निप्पलांना कुंकूही लावलं. पुसून मग ग्रीस करा म्हटलं.

पिस्तुलाची गन आप्पांकडंच आहे, पहिलीच. दांड्याची मी परत फळीवर ठेवली. तेव्हापासून गन मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, निप्पलं किती, दिसतात का, हात पोचतो का. लोकांना वाटतं म्हातारी विकायचं सोडून चौकशा करते. वाटू दे.

तर तू ते फोटो पुसून टाक. जागा अडचणीची असली तर गनला लवचिक नळी लागेल, नसली तर साधी पुरेल, हे मला जीप सांगेल, तू नाही. येत्या शनिवारी जीपच घेऊन ये. दुकानासमोर सावलीत लाव. पोतं मी अंथरून ठेवते, पण खाली तू शिरायचंस, टॉर्च मी धरीन. नंतर चहा पिऊ. लवकर ये गं, वाट बघते.