गंधकाची बाटली आणि रविवारचा भंडारा

बाई चेहरा दाखवायला आली होती आणि पदर काही वर करेना. डॉक्टरसाहेब कंटाळून म्हणाले, "मी काय नाडीवरून तोंड ओळखू?" शेवटी आईनंच पुढं होऊन लेकीचा पदर बाजूला केला.

तारुण्यपिटिका होत्या. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, काही पिकलेल्या. बाईचं वय सत्तावीस. तिला गंगाबाई म्हणू. पुटकुळ्या सोळाव्या वर्षी येतात आणि लग्न झालं की जातात, असा तेव्हा सगळ्यांचा पक्का समज. हिच्या गेल्या नव्हत्या. नवरा तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. सासूनं हा महारोग आहे असं ठरवून तिला तेर गावी माहेरी आणून सोडलं होतं.

निजामाचं राज्य होतं. मी धाराशिवला या डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट, पण तिथं रजिस्टरात नाव आणि आजार उर्दूत चढे, आणि ते लिहिणारा कचेरीतल्या कुणाचा तरी मित्र असायचाच. म्हणून मायलेकी आमच्या मागच्या दारानं आल्या होत्या.

डॉक्टरांनी गालाला टाचणी टोचून पाहिली. गंगाबाई "आई गं" म्हणाली.

"महारोगात टोचलेलं कळलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "हा महारोग नाही. सर्टिफिकेट देतो."

"कागूद नगं म्हनती सासू," आई म्हणाली. "पंधरा दिसांनी रविवारी अणदूरला खंडोबाची तळी भरायची हाय. समदी येनार हाईत. तोंड साफ दिसलं तर जोडीनं बसवून घरी न्हेऊ म्हनली. न्हाय तर दुसरी पोरगी बघून ठिवलीया."

"तीन महिने लागतील."

"साहेब, पंधराच दिस हाईत."

"मग खंडोबालाच सांगा," म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि ते व्हिजिटला निघून गेले. माणूस तोंडाचा फटकळ होता, पण खोटी आशा दाखवत नसे. हा गुण आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चिठ्ठीत गंधकाचं लोशन होतं. बारीक गंधक, थोडा कापूर आणि चुन्याची निवळी. बाटली हलवायची आणि कापसानं एक दिवसाआड लावायचं. गंधकानं कातडी कोरडी पडते, हळूहळू सोलते आणि खालून नवी येते. सगळी गंमत त्या 'हळूहळू'त आहे.

औषधाच्या खिडकीशी गंगाबाईनं आपणहून पदर सारला. "दादा, जरा जोर वाढवा की. मला जायाचं हाय घरी."

मला नोकरीला दोनच वर्षं झाली होती. म्हणजे सगळं येतं असं वाटण्याइतपत. शिवाय तिची दया आली, हेही खरं. मी गंधक दुप्पट घातला आणि म्हणालो, "रोज दोनदा लावा."

रविवार झाला. मंगळवारी आई एकटीच आली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"फोड बसलं हुतं साहेब, खोटं कशाला बोलू. पर तोंड लालबुंद, सोललेलं. तरी सासू गप हुती. तळी उचलली आन् तिनं मूठभर भंडारा घिऊन पोरीच्या गालाला चोळला. पोरगी वरडली वो. देवाम्होरं सासूचा हात झटकला."

भंडारा म्हणजे हळदीची पूड. सोललेल्या कातडीवर कुणीही ओरडलं असतं.

"सासू म्हनली, बघा, देवाचा भंडारा सोसंना हिला. देवानंच कौल दिला. कुनी काय बोलावं मग?"

"आणि नवरा?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाली बघत हुता."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. गंधक तळाशी बसतो. बाटली जवळजवळ संपली होती, तरी तळाशी चांगला बोटभर थर होता.

"कुणी भरली?"

"मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तीन महिने लागतात म्हणून तीन महिने म्हणालो होतो," एवढंच बोलले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं साधं मलम करून दिलं.

तीन महिन्यांनी गंगाबाई मलमाची डबी परत करायला आली. डोक्यावर पदर होता, चेहरा उघडा. डाग नाही, फोड नाही. नवऱ्याचं दुसरं लग्न महिन्यापूर्वीच लागलं होतं.

"आता बघा दादा. हाय का काही?"

"काही नाही," मी म्हणालो. तिच्याकडं मला नीट बघवलं नाही. माफी मागायची होती, तीही जमली नाही. जोर तिनंच वाढवायला सांगितला होता, त्यामुळं यात माझी चूक होती हे तिच्या मनातही नव्हतं. "तुमच्या औषिदाला गुन हाय," असं म्हणून ती गेली.

चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच भरायचं, रोगी रडला तरी. पुढं चाळीस वर्षं मी हे पाळलं आणि कंपाउंडर म्हणून नाव कमावलं. गंगाबाई तेरलाच राहिली, स्वच्छ चेहऱ्यानं.