ब्रेकला कुंकू

भवानी पेठेत आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये एक माणूस स्वतःची जुनी, उघडी मोटार नीट करत बसायचा. कापडी टप फाटला होता, रंग उडाला होता. तिकडे त्याचं लक्षच नसे. इंजिन मात्र त्यानं जीपचं बसवलं आणि ब्रेक तर पुन्हापुन्हा बदलले. खंडेनवमीला सगळे बॉनेटला हार घालत होते, तेव्हा हा खाली वाकून ब्रेकच्या पेडलला हळदकुंकू लावत होता. मला तो अर्धवटच वाटला.

पुढं तो रोज सकाळी ती गाडी घेऊन निघू लागला. एकदा माझी बार्शीची एसटी चुकली, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. गावाबाहेरच्या उतारावर त्यानं गाडी सुसाट सोडली आणि एका बाभळीपाशी कचकन ब्रेक दाबला. माझं कपाळ काचेवर आपटलं.

"मारता का काय मला?" मी ओरडलो.

"आमची कारभारीण हितंच गेली," तो म्हणाला. "तुमी बसलाय तितंच बसली हुती. तवा ब्रेक लागलाच न्हाय."

बाभळीकडं बघत त्यानं ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"आता लागतोय की."

मला बार्शीला जायचं होतं. त्यानं गाडी तिथूनच घराकडं वळवली. त्याचा रस्ता रोज तेवढाच होता.