‘राव’ न लावता मारलेली हाक

मूल किरकिरं झालं की शेजारीपाजारी दृष्ट काढतात. मी आधी जीभ बघतो आणि थर्मामीटर लावतो. जंतुशास्त्राचा नाद असलेला माणूस मी... भूत, चकवा यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. तरी हे लिहितोय.

१९३२चा उन्हाळा. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं बिऱ्हाड. हायस्कुलात शास्त्र शिकवायचं आणि सुटी लागली की गुहा धुंडाळायच्या. भिंतीवरचा पांढरट, बुळबुळीत थर खरवडून आणायचा, उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं! उन्हाशिवाय ते जंतू जगतात कशावर, हे मला शोधायचं होतं. आमच्या मंडळींना त्यातलं एकच कळायचं — उपासाचे बटाटे संपले.

त्या मे महिन्यात आम्ही हिच्या माहेरी, वैरागला होतो. दोन कोसांवरच्या टेकडीत गुहा आहे असं कळलं.

“नका जाऊ,” ही म्हणाली. “तितं दोन शेळ्या मेल्या. अंगावर वरखडा बी न्हवता.”

मी हसलो आणि निघालो.

सासऱ्यांचा म्हातारा गाडीवान रहिमानचाचा दोर धरून गुहेच्या तोंडाशी बसला. आत शेवटी एक खळगा होता, त्याच्या तळाशी तो थर भरपूर. हवा वाईट असली की ज्योत विझते, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो... म्हणून कंदील वर कपारीत ठेवला. तो छान जळतोय बघून खाली उकिडवा बसलो. चुकलो तिथंच. वाईट हवा जड, ती तळाशी साठते!

खरवडता खरवडता डोळे मिटायला लागले. मोठी सुखाची झोप येत होती. इतक्यात मागून हाक आली — “दिनकर!”

आवाज हिचा. माझं नाव हिने आयुष्यात एकदाच घेतलेलं, लग्नातल्या उखाण्यात, तेही ‘दिनकरराव’. आणि आता चाचासमोर असं नुसतं? मी इतका चपापलो की ताडकन उभा राहिलो. डोकं जरा साफ झालं. कंदील खाली नेला, तर गुडघ्यापर्यंत येताच विझला. दोर धरून कसाबसा बाहेर आलो.

हवेमुळे भास झाला, असं मी स्वतःला बजावत होतो. पण चाचा उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

“बेटी किदर है, साब? अब्बी आवाज दी ना तुमकू!”

घरी आलो तर ही माळवदावर कुरडया घालत होती. सासूबाई म्हणाल्या, “सकाळपास्नं हितनं हलली न्हाय ती.”

मी सगळं सांगितलं. हिच्या हातातला सोऱ्या खाली पडला. मग रडत रडतच भांडायला उठली — “मी? तुमचं नाव घीन? अन् राव बी न्हाय? लाज सोडली का मी?”

मी मरता मरता वाचलो याच्याइतकंच त्या ‘राव’चं तिला लागलं होतं! हिच्यावर माझा किती जीव आहे, ते मला त्या दुपारी कळलं.

चाचाने काय ऐकलं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. गेल्याच आठवड्यात हिला म्हटलं, “एकदा म्हण ना ‘दिनकर’. आवाज तोच का, ताडून तरी बघू.”

ती हसली नाही.

“ते उगं घ्यायचं नसतं,” म्हणाली. “लागंल तवा घीन की.”