ओढा धरून चाललो तेव्हा

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे सांगायला मी लाजत नाही. भूगोलात एमए केलं आणि रामदुर्गाकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. आमचं गाव खानापूरच्या जंगलाला लागून. तिथं पायाखाली चिखल, नाहीतर गवत. इथं बोडके लाल डोंगर आणि पावसानं कोरलेल्या कोरड्या घळींचं जाळं. पायवाट नाही, पाटी नाही. आधी मुलांना दाखवायला म्हणून गेले, मग रविवार आला की एकटीच निघायला लागले.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटत नव्हतं. माणसानं सरपणाला जावं, चुकलेलं जनावर हुडकायला जावं. पण बिनकामाचं माळावर फिरायचं? दिवाळीनंतर एका शनिवारी ते माझ्याकडं आले तेव्हा म्हणाले, उद्या मला ने, तिथं तुझं काय हरवलंय ते बघू तरी.

मात्र दुपारी अडीचची बेळगाव गाडी त्यांना फाट्यावर गाठायचीच होती. सोमवारी आमची भातकापणी. आमच्याकडं कापणी पैऱ्यानं होते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. आप्पा पंधरवडाभर दुसऱ्यांच्या शेतात वाकले होते, आणि सोमवारी उजाडायला बारा-चौदा माणसं विळे घेऊन आमच्या बांधावर उभी राहणार होती. त्या वेळी घरधनीच नाही, असं आमच्या गावात कुणाकडं झाल्याचं मला आठवत नाही.

तांबडं फुटायला निघालो. आमच्यात बांधावरनं चालताना वडीलधारं माणूस पुढं असतं, कारण साप निघाला तर काठी त्याच्या हातात असते. लहानपणापासून मी आप्पांच्या टाचा बघत चाललेली आहे. त्या दिवशीही ते पुढं आणि मी मागं. वाट मला ठाऊक होती, मी मागनं नुसतं डावीकडं, उजवीकडं सांगत होते.

एका खडकावर बसून भाकरी खाल्ली. आप्पा बराच वेळ चहूकडं बघत होते. मग खडकावरनं हात फिरवून म्हणाले, "ह्यो भाजलाय काय गं?" ही एके काळी पाण्याखालची वाळू होती, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

परत फिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. एरवी मी आलेल्या दांड्यावरनंच, म्हणजे डोंगराच्या कण्यावरनंच परतते. पण आप्पांना खाली वाळूनं भरलेलं कोरडं पात्र दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ओढा धर. ओढा गावाला नेतो."

आमच्या जंगलात हे खरंच आहे. वाट चुकली तर ओढ्याच्या कडेनं उतरत जायचं, कुणाचं तरी शेत लागतंच. दहा वर्षांची असताना मी तशीच घरी पोचले होते. घळी कशा तयार होतात हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. तरी त्या घडीला मी "व्हय" म्हटलं. आप्पांचा मान राखायला नव्हे. मलाही ते मनातनं खरंच वाटलं.

घळीच्या भिंती वाढत गेल्या. एक वळण, दुसरं, तिसरं. फोनला रेंज नाही. आणि एकाएकी पायाखालचं पात्रच संपलं. पुढं दोन पुरुष खोल कडा, खाली काटेरी झुडपं. बारा वाजून गेले होते, पाण्याची एक बाटली रिकामी झाली होती. आप्पा दगडावर टेकले आणि वर उन्हाकडं बघत राहिले.

"लोक येतील सकाळी," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की आता मागं फिरायचं, मघाशी वळणावर लागलेल्या खिंडीतनं दांड्यावर चढायचं आणि कितीही सोपं दिसलं तरी खाली उतरायचं नाही. मेंढरं तशीच जातात. खिंडीशी आल्यावर वर गेलेल्या लेंड्या दाखवल्या. त्यांनी काठीच्या टोकानं त्या उलटून पाहिल्या. मग बाजूला सरले आणि काठी माझ्या हातात दिली.

"तू हो फुडं."

वर आल्यावर वारा लागला. मागनं आप्पांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि माझी पाठ कशी तरीच, नवी-नवी झाल्यासारखी वाटत होती. थोड्या वेळानं ते बोलायलाही लागले. "ओढ्याचा दोष न्हाय. त्याला गावच न्हाय, तर नेणार कुठं?" मी हसले, पण मागं वळले नाही.

फाट्यावर पोचलो तेव्हा गाडी वळणावर दिसत होती. आप्पा तिथल्या हॉटेलातलं दोन तांबे पाणी एका दमात प्याले. काठी पुढं केली तर खिडकीतनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुलाच. फुडं चालणाऱ्याला लागती."

सोमवारी संध्याकाळी फोन केला. आई खुशीत होती. कापणी दिवस मावळायच्या आत आटपली होती, आणि जेवताना आप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं की त्या मुलखात वाट म्हणून न्हाय, पण आमच्या पोरीला मेंढरागत ठाव हाय.

"आणि ओढ्याचं सांगितलं का?" मी विचारलं.

आई म्हणाली, "कसला ओढा गं?"