पाय लागला तेव्हा

डॉक्टरांनी चपलेच्या टोकानं माझ्या साडीचा काठ वर सारला. नडगीवरच्या व्रणावर ते टोक टेकवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा. भूकंपात तंबूत बसवलेलं हाड. अजून खडखडीत चालतेय बाई. आणि सगळं फुकट!"

पाहुणे वाकून बघायला लागले. एकाच्या हातात मी थापलेलं धपाटं होतं. ते खात खात तो बघत होता.

लातूरला या डॉक्टरांकडे मी स्वयंपाकाला होते. खाली दवाखाना, वर घर. त्या दिवशी घरात आनंद होता. डॉक्टरांची मुलगी मेडिकलला लागली होती. त्याआधी दोन वर्षं क्लासहून यायची, जेवायची, परत क्लास. दुपारी तिच्या ताटाशी मी बसायची आणि ती म्हणायची, मावशी, भूकंपाचं सांगा ना. मी सांगायची. दुसरं कुणी मला कधी काही विचारलंच नव्हतं.

पाहुणे म्हणजे डॉक्टरांचे वर्गमित्र. एक विलायतेत, एक अमेरिकेत.

विलायतेतला म्हणाला, "आमच्याकडे सगळं सरकारी. पैसा लागत नाही. पण गुडघा बदलायचा तर नंबर लागेपर्यंत म्हातारा जातो."

अमेरिकेतला म्हणाला, "आमच्याकडे नंबर नाही, विमा लागतो. नसला तर ॲम्ब्युलन्स बोलवायलाही माणूस भितो."

"आणि आपल्याकडे फुकट दिलं की लोकांना किंमत नाही," आमचे डॉक्टर म्हणाले. "सरकारी गोळ्या उकिरड्यावर टाकतात आणि मरायला टेकले की माझ्या दारात येतात."

तिघं हसले. मी वाढत होते. तीन देश झाले, पण त्यांच्या बोलण्यात आजारी माणूस कुठंच नव्हता. नुसते दवाखाने होते. वांग्याची भाजी मात्र तिघांनी परत मागून घेतली.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, मावशींचा पाय दाखवा ना. फॉरेनच्या डॉक्टरनी बसवलाय."

"अरे हो! मावशी, इकडं या. लाजता कशाला? सगळे डॉक्टरच आहेत."

मी गेले. का गेले ते सांगते. माझी सुमन पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. दिवस भरत आले होते. मूल आडवं आहे, असं याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपल्याच दवाखान्यात करू, काही देऊ नका, असा शब्दही दिला होता. त्या शब्दापायी मी उभी राहिले. साडीचा काठ वर गेला तरी उभी राहिले.

मग चपलेचं टोक लागलं आणि मला तंबू आठवला.

भूकंपात आमचं घर माझ्या पायावर पडलं. तंबूत एक परदेशी डॉक्टरीण होती. ती पोत्यावर मांडी घालून बसली आणि तिनं माझा पाय मांडीवर घेतला. माझा पाय, मातीचा, रक्ताचा. मी कळवळले, पण दुखण्यानं नाही. कुणाला पाय लागला की आपण त्याला हात लावून तो कपाळाला लावतो. मी वाकून वाकून तेच करत होते. तिला वाटलं, मी सोडा म्हणून विनवतेय. शेवटी नर्सनं तिला समजावलं. दुसऱ्या दिवशी त्या दाटीत तिची टाच माझ्या हाताला लागली. ती खाली बसली. माझ्या खांद्याला हात लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. चुकीच्या हातानं. डाव्या. तरी लावला.

हेच मी या घरात त्या मुलीला सांगितलं होतं. त्यातलं तिनं फक्त हाड ठेवलं.

"पाय लागला तुमचा," मी म्हणाले.

"काय?"

"तुमचा पाय लागला मला, साहेब."

अमेरिकेतल्यानं विचारलं, "काय म्हणतेय?"

डॉक्टरांच्या बायकोनं हसून सांगितलं, "अहो, पाय लागला की नमस्कार करतात ना, ते."

"मी? हिला?" डॉक्टर हसले. मग हसू आवरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, सुमनचे दिवस भरत आलेत ना?"

एवढंच. पण समजलं.

मी साडी खाली सोडली. "भात गॅसवर हाय. बघून घ्या," म्हणाले आणि जिना उतरले.

घरी सुमन म्हणाली, "माय, आता कुठं जायचं गं? मूल आडवं हाय म्हनले ना?"

"सरकारीत."

"मी मेले तर?"

मी तिची पिशवी भरली.

सरकारी दवाखान्याची मी स्तुती करणार नाही. एका खाटेवर दोन बाळंतिणी. संडासाला कडी नाही. आया अशी ओरडायची की जणू पोटुशी राहणं हा गुन्हा. पण एका तरुण डॉक्टरणीनं पोट फाडून मूल काढलं. मुलगी. दोघी जगल्या.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. मागं शिकणाऱ्या पोरापोरींचा घोळका. त्यांनी सुमनकडं बघितलंही नाही, सरळ चादर उचलली. "हे टाके बघा."

सुमननं तोंड भिंतीकडं केलं.

चपलेचं टोक नव्हतं, पण मला तसंच लागलं. मी पुढं होऊन चादर धरली. "आधी तिला विचारा."

"मावशी, हे सरकारी आहे. मुलं इथंच शिकतात."

"हाव, शिकवा की. विचारायचं बी शिकवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठे डॉक्टर चिडले. पण घोळक्यातली एक पोरगी पुढं आली. "ताई, बघू का?"

सुमन भिंतीकडं बघतच म्हणाली, "न्हाई."

ते पुढच्या खाटेकडं गेले. तिथंही विचारतात का, हे मी चादर हातात धरून बघत राहिले.

डॉक्टरांच्या घरून निरोप आला, झालं गेलं विसरा, स्वयंपाकाला या. मी गेले नाही. विलायत कशी, अमेरिका कशी, ते त्यांनी जेवताना ठरवावं. आमचा दवाखाना फुकटाचा असेल, आमचं अंग फुकटाचं नाही. मला अजून चारचौघांत बोलताना घाम फुटतो. फुटू दे. माझ्या नातीच्या अंगावरचं कापड न विचारता जो उचलेल, त्याचा मी हात धरीन. तो कोणत्याही देशाचा असो.