शेजारच्या सीटचं वजन

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. गॅरेजच्या बाकड्यावर गाडीची वाट पाहत बसलं की ते आपोआप जमतात. जालन्यात मस्तगडला रफिकभाईंचं गॅरेज आहे. गाडी खाली घेणं, म्हणजे आखूड स्प्रिंग टाकून ती रस्त्याच्या जवळ आणणं, हे त्यांचं खास काम. माझी बायको सुनंदा होती तोवर आम्ही तिथं जोडीनं जायचो. गेल्या महिन्यात एकटा गेलो, तेव्हा रफिकभाईंनी मला एक प्रश्न विचारला. तो शेवटी सांगतो.

मंठ्याच्या एका पाटलांनी खर्च वाचवायला घरीच कटरनं स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापले. गाडी खाली आली, पण खड्ड्यात अशी आपटायला लागली की पाटलांची कंबर धरली. तुकडे पिशवीत घालून ते गॅरेजला आले.

"रफिकभाई, हे परत जोडून द्या."

"पाटील, कटिंग केल्यावर केस परत चिकटवून घेता का?"

पाटलांनी टोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता. "हे मला विचारून राह्यले?"

आमची गाडी वळणावर फार झुलायची. सुनंदाचं माहेर मंठ्याकडं. वाटेतलं वाटूर येईपर्यंत तिला मळमळायला लागायचं. "तुम्ही स्टिअरिंगला धरून बसता, मी कशाला धरू?" असं म्हणून तिनंच मला गॅरेजला नेलं.

रफिकभाईंनी आधीच सांगितलं, "मॅडम, वळणावर गाडी बराबर बसंल, पण दणके लागतील."

"दणके चालतील. डुलणं न्हाई."

रफिकभाईंची एक पद्धत आहे. नव्या स्प्रिंगखाली एक रिंग असते. ती फिरवून प्रत्येक चाकाकडची उंची जुळवता येते. हे काम ते रिकाम्या गाडीवर कधीच करत नाहीत. जो माणूस जिथं बसतो, तिथं त्याच्या वजनाचं ज्वारीचं पोतं ठेवायचं आणि मगच टेप लावायचा. एका व्यापाऱ्यानं सांगितलं, मागच्या सीटवर सासूबाई बसतात. वजन विचारलं तर म्हणाला, "तुम्हीच अंदाज करा. मला रात्री घरीच जेवायचंय."

माझं वजन बहात्तर. सुनंदानं तिचं पंचावन्न सांगितलं. पोती ठेवली, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मग पोती काढून आम्हाला बसवलं, तर डावी बाजू खाली. रफिकभाईंनी दोनदा टेप लावला.

"मॅडम, गाडी एकसष्ट म्हणून राह्यली."

"गाडीला काय कळतंय," सुनंदा म्हणाली. पोत्यात भर टाकू दिली तिनं, पण वर बजावलं, "वहीत पंचावन्नच लिहा."

खाली घेतलेली गाडी वाटूरच्या स्पीडब्रेकरला घासायची. म्हणून सुनंदा तिथं उतरायची, ब्रेकर चालत ओलांडायची आणि पुढं येऊन परत बसायची. दोन-तीनदा हे पाहिल्यावर चहाच्या हॉटेलातले एक म्हातारबाबा काळजीनं जवळ आले. "पोरी, भांडण झाल्तं का?"

"न्हाई बाबा. ह्यांची गाडी मला उचलंना."

गेल्या महिन्यात डावीकडचा शॉकअप गेला म्हणून गाडी नेली. सुनंदाला जाऊन वर्ष झालं होतं. शॉकअप बदलून झाल्यावर रफिकभाईंनी माझं पोतं माझ्या सीटवर ठेवलं, टेप हातात घेतला आणि थांबले.

"सर, सेटिंग एकट्याचं करू का दोघांचं?"

मी शेजारच्या सीटकडं पाहिलं.

"दोघांचं केलं तर तुम्ही एकटे असताना डावी बाजू जराशी वर राहील."

"चालवताना कळेल?"

"दुसऱ्याला न्हाई कळणार. तुम्हाला कळंल."

"दोघांचं करा."

त्यांनी दुसरं पोतं काट्यावर चढवलं. "किती?"

"पंचावन्न."

ज्वारी भरत त्यांनी काटा पंचावन्नवर आणला. रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग डब्यानं पोत्यात ज्वारी ओतत राहिले, एकसष्ट होईपर्यंत.